मोजून दिलेलं खाणं

माय, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तुझी नात तू पाहिलीच नाहीस. सात वर्षं पाच महिन्यांची असताना ती माझ्या खांद्याला लागायला लागली. उन्हाळ्यात घेतलेला शाळेचा फ्रॉक दिवाळीआधीच गुडघ्याच्या वर गेला, तेव्हा मी हसले होते. मग एके दिवशी ती शाळेतून आली, मी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास आला. मी तिला तशीच धरून उभी राहिले. ती म्हणाली, "मम्मी, सोड ना, भूक लागली."

मी का घाबरले ते कळायला तुला माझा धंदा सांगायला हवा. गंगापूरच्या अलीकडं, नवऱ्याच्या शेताच्या कडेला आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणि खाद्य देते, वाढवायचं आम्ही. मुठीत मावणारं पिल्लू चाळीस दिवसांत दोन किलोचं होतं. मुकुंदवाडीत आपल्या दोन खोल्यांमागं तू गावरान कोंबड्या पाळायचीस, त्यांना तेवढं वजन धरायला कितीतरी महिने लागायचे, कित्येकींचं तेवढं व्हायचंच नाही. तू म्हणायचीस, "किती खाती ते नको बघू, अंगाला किती लागतं ते बघ." जिच्या अंगाला लागायचं तिचीच अंडी तू खुडुक कोंबडीखाली ठेवायचीस. आमच्या पिल्लांच्या मागं तेच काम लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलंय. वाण निवडत आणलाय, वर मका-सोयाचं नेमकं खाद्य. एवढंच. सुया कुणी टोचत नाही, हजारो पिल्लांना कोण टोचत बसणार? शाळेच्या फाटकाशी एक बाई म्हणाली होती, "तुमच्या कोंबड्यायला इंजेक्शन देतात म्हणं. त्यानं पोरी लौकर वयात येऊ लागल्या." मी तिला हसून समजावलं होतं. आणि आता त्याच फाटकातून माझी मुलगी बाहेर येते, वर्गातल्या सगळ्या पोरींपेक्षा वीतभर उंच, आणि मी त्या बाईची नजर चुकवते.

शहरातल्या डॉक्टरबाईंनी तिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला. म्हणाल्या, हाडांचं वय दोन वर्षं पुढं पळतंय. वयात येण्याची सुरुवात आहे. मला कसंबसं विचारता आलं, "कोंबडीनं झालं का? आमचं शेड आहे. ती लहानपणापासून आमच्याच कोंबड्या खाते." त्या म्हणाल्या, "कोंबडीनं नाही. वजन, खाणंपिणं, आईवडिलांकडून आलेलं, बऱ्याच गोष्टी असतात. कधीकधी कारण सापडतच नाही. तुम्हाला कितव्या वर्षी पाळी आली?" मी म्हणाले, दहाव्या. त्यांनी लिहून घेतलं. तीन महिन्यांनी परत बघू, वेग वाढला तर थांबवायची इंजेक्शनं असतात, तोवर नेहमीसारखं खाऊ द्या, असं म्हणाल्या. इंजेक्शन हा शब्द ऐकून पोरीनं माझा पदर धरला. मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. कारण सापडत नाही म्हणजे काय? माझ्या शेडात कारण सापडत नाही असं काही नसतं. वजन कमी भरलं तर खाद्य, पाणी, हवा, वाण, यातलंच काहीतरी चुकलेलं असतं, आणि ती चूक करणारा माणूस असतो.

त्या आठवड्यात शेडात एक नर उलटा पडून मेलेला सापडला. पाय आभाळाकडं. सगळ्या लॉटमध्ये तोच भारी होता. कंपनीचा सुपरवायझर आला होता, तो म्हणाला, "ताई, जे जोमात वाढतं तेच असं पटकन जातं. अंग पुढं पळतं, काळीज मागं राहतं." हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मला तिथं उभं राहवेना. मग तो सहज बोलता बोलता म्हणाला की या पिल्लांच्या आईबापांना पोटभर खायला देतच नाहीत. मोजून देतात. पोटभर दिलं तर लौकर वयात येतात, लठ्ठ होतात, अंड्याला निकामी होतात. "खाणं आवळलं की वयात येणं लांबतं," तो म्हणाला.

माय, ते वाक्य मी घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून पोरीचं दूध बंद केलं. मग अंडं. मटण-कोंबडी तर घरात शिजणंच थांबलं. दोन चपात्यांची एक केली. नवऱ्यानं विचारलं, "आपला माल आपणच खात नाही, मग लोकाला काय तोंडानं विकायचा?" मी म्हणाले, पोट बिघडलंय तिचं. पोर ताट चाटूनपुसून ठेवायची आणि माझ्याकडं बघायची. आणि मला कसलं समाधान वाटायचं म्हणून सांगू, दर रविवारी तिला शेडातल्या वजनकाट्यावर उभी करायचे, आणि काटा पुढं सरकला नाही की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका रविवारी असंच तिला काट्यावरून उतरवताना मला तू दिसलीस. मी पाचवीत आहे. पाळी येऊन आठवडा झालाय. तू चुलीपाशी बसून सगळ्यांच्या ताटात अंड्याचं कालवण वाढतेयस आणि माझ्या ताटात नुसतं वरण. "तुला नाय. उष्ण असतं." महिना झाला, दोन झाले. मी खुराड्यामागं जाऊन एक अंडं कच्चंच फोडून पिते, ते पांढरं हनुवटीवरून ओघळतंय, आणि तू समोर उभी. तू मला थोबाडीत मारलीस. आणि मग तिथंच, कोंबड्यांच्या घाणीत, मटकन बसलीस. म्हणालीस, "अगं, तू अशी भरभर वाढली तर तुझा मामा सोयगावचं स्थळ घिऊन दारात उभा राहील. म्या किती दिवस न्हाय म्हणू त्याला? मला तुला शाळेत ठिवायची हाय." मला तेव्हा फक्त थोबाडीत कळली होती. पुढची कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आले की आमची आई अडाणी, अंड्याला उष्ण म्हणायची. तू भ्यालेली होतीस. इतकं साधं होतं ते. आणि ते कळूनही, माय, मी त्या दिवशी तिला एकच चपाती वाढली.

मग शाळेतून फोन आला. प्रार्थनेला उभी असताना पोर कोसळली. मी गेले तेव्हा ती बाकावर आडवी होती, तिच्या बाईंनी बिस्किट आणि साखरपाणी दिलं होतं. बाई हळूच म्हणाल्या, "सकाळी काही खाल्लं नव्हतं का हो तिनं? डबाही रोज अर्धाच असतो." पोरीनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं, "मम्मी, मी कमी खाल्लं ना? आता मोठं व्हायचं थांबलं का? आता सुई नाही ना देणार?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ओळखलं होतं, आणि माझ्यासाठी उपाशी राहत होती.

घरी नेऊन तिला दोन अंड्यांची पोळी करून दिली. तिनं पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबली, गिळू का नको म्हणून. "खा गं बाळा, खा," म्हणत मी पुढचा घास तोडून तिच्या हातात दिला. त्या रात्रीपासून तिचं ताट पूर्वीसारखं भरतं. तरी आठवडाभर ती प्रत्येक चपातीआधी विचारायची, "घेऊ का?"

तीन महिन्यांनी परत गेलो. पुन्हा एक्स-रे. डॉक्टरबाई बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी धरून बघत होत्या. वेग वाढलेला नाही, म्हणाल्या. तूर्त सुया नकोत, सहा महिन्यांनी या. मी तिच्या चक्कर येण्याचं सांगितलं, कारणासकट. त्या मला रागावल्या, चांगल्याच, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या आईला? त्यांनाही लवकरच आली होती का पाळी?"

मी म्हणाले, "हो. दहाव्याच वर्षी. आमच्याकडं असंच असतं." त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग घराण्यातलंच दिसतंय," म्हणत त्यांनी ते लिहिलं. मलाही बरं वाटलं. शेड नाही, खाद्य नाही, मी नाही, रक्तच तसं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत बरं वाटत राहिलं, आणि तेव्हापासून पुन्हा भीती वाटतेय, कारण डॉक्टरबाई आता त्या कागदाच्या भरवशावर माझी मुलगी तपासणार.

तुला कितव्या वर्षी आली ते मला ठाऊक नाही, माय. तुला मी कधी विचारलंच नाही. तू नाही म्हणायला नव्हतीस, म्हणून तुझं नाव सांगितलं.