याऐवजी असे वाचावे

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे, आठांपैकी तीनच अंगं वाकतात.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची कवळी सापडली का? इकडे सगळं ठीक. म्हणजे तुझी भावजय बरी आहे आणि मीही बरा आहे असं ती म्हणते.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. कारण तुझा अंगठा. हल्ली काहीही कळवलं की तू एक पिवळा अंगठा पाठवून मोकळी होतेस. मी दाढ काढली, अंगठा. आमचं छत गळायला लागलं, अंगठा. पत्रावर अंगठा पाठवता येत नाही (उमटवलास तर शाई लागेल), म्हणून हा खटाटोप.

आता तुझ्या लेकीचा प्रताप. तिचं ते फोनवर ‘एका मिनिटात गोष्ट’ चालतं ना, त्यात तिने गेल्या महिन्यात आपली कुत्र्याची गोष्ट सांगितली. पिसाळलेल्या कुत्र्याने तिच्या आईची, म्हणजे तुझी, पोटरी धरली आणि नऊ वर्षांच्या मामाने छत्री हाणून त्याला पळवून लावलं, ती. ही गोष्ट सांगायला मी पाऊण तास घेतो हे तू जाणतेसच. आधी शाळेचा रस्ता, मग छत्रीची दांडी, मग तिची आणखी जुनी दांडी. कुत्रं येईपर्यंत पाहुण्यांचा दुसरा चहा झालेला असतो. भाची म्हणाली, “मामा, पहिल्या तीन सेकंदांत कुत्रं आलंच पाहिजे, नाहीतर लोक अंगठ्याने वर सरकवतात.” तेव्हा कुत्रं आलं, चावलं, पळालं आणि वर संगीतही झालं. चार लाख लोकांनी पाहिलं. माझी गोष्ट आजवर चाळीसएक लोकांनी ऐकली असेल, तीही त्यांना बस मिळेपर्यंत.

मग ती गोष्ट या हातातून त्या हातात फिरली. एकाची तीन कुत्री झाली. कुणीतरी चित्रावर स्वतःचा आवाज घातला, त्यात लांडगा आला. एका बाईंनी ती छत्री कुठे मिळते म्हणून विचारलं. एका गृहस्थाने मला मुक्या जनावराचा छळ करणारा म्हटलं. (हे मला जरा लागलं. का, ते पुढे येईल.) आमचा शिंपी पँटचं माप घेता घेता मला ‘छत्रीवाले मामा’ म्हणाला आणि कंबर दोन इंच कमी धरली, कौतुकापोटी.

इथवर ठीक होतं. पण आमच्या पेपरात आता एक नवं टेबल आहे. लोकांच्या फोनवर काय फिरतंय ते बघायचं आणि त्याची बातमी करायची, हे त्याचं काम. त्यांनी बातमी केली: ‘शुर भावाची छत्री’. मी त्यांच्यापासून दोन टेबलांवर बसतो, ताई. मान वळवून विचारलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारलं नाही. मजकूर तपासायला मात्र माझ्याकडेच आला. मी काय केलं? ‘शुर’चा ‘शूर’ केला आणि पान सोडलं.

तीस वर्षं मी दुसऱ्या पानाच्या तळाशी ती चौकट लावतो: कालच्या अंकात अमुक छापले गेले, त्याऐवजी तमुक असे वाचावे. ‘सभापती अखेर मुके झाले’ याऐवजी ‘मुक्त झाले’ असे वाचावे. लोक हसतात, पण चूक चारचौघांत केली तर ती चारचौघांतच निस्तरावी, एवढं शहाणपण त्या चौकटीत आहे. नव्या टेबलाला चौकट नाही. चुकीचं वाक्य गुपचूप बदलतात. “काका, बदललं की झालं,” म्हणतात. काल ज्याने वाचलं त्याचं काय?

आणि काल वाचणाऱ्यांत तू होतीस. खरं काय ते आजवर आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होतो, दहाव्या पायरीवर, आणि छत्री तुझ्या हातात होती. कुत्र्याने तुला धरलं तरी तू शिडीसमोरून हलली नाहीस. घरी बाबांना तूच सांगितलंस की धाकट्याने हाकललं. मी पळालो हे कळलं असतं तर माझी धडगत नव्हती. म्हणजे मूळ खोटी बातमी तुझी, आणि मी ती सूत्रांच्या हवाल्याने अठ्ठेचाळीस वर्षं छापत आलो. मी गोष्ट सुरू केली की तू चहा टाकायला उठायचीस. मला वाटायचं, पाहुण्यांसाठी उठतेस. परवा घरच्या ग्रुपवर लेकीची गोष्ट आली आणि त्यावरही तू अंगठाच पाठवलास. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. भांडं आपटलं असतंस तर निदान कळलं तरी असतं.

आयुष्यभर मी मुद्रितं वाचून पोट भरलं. पण मुळात वाचलो तो तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही, म्हणून आज लिहिलं.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
शिडीवरचा धाकटा

ता. क. चौकट तयार आहे: ‘भावाने बहिणीला वाचवले’ याऐवजी ‘बहिणीने भावाला वाचवले’ असे वाचावे. तुझ्या लेकीला शिडीचं सांगितलं, तीही मिनिटभर द्यायला तयार आहे (तीन सेकंदांत मला शिडीवर चढवणार म्हणते). पण ज्याच्याबद्दल चूक झाली त्याने हो म्हटल्याशिवाय मी चौकट लावत नाही. तेव्हा तोंडाने ‘हो’ म्हण. अंगठा चालणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. ते कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, ताई. ते झोपलं होतं, मी त्याला दगड मारला. डॉक्टरांनी विचारलं होतं, “याला कुणी छेडलं होतं का?” आणि मी नाही म्हणून मान हलवली. न छेडता चावलं म्हणून ते पिसाळलेलं धरलं, मग तुझ्या पोटात रोज एक अशी चौदा इंजेक्शनं गेली, आणि मी दाराबाहेर उभा राहून ती मोजली. हे सूत्रांनाही माहीत नव्हतं. आता अंगठा दाखवायचा असेल तर खुशाल दाखव. फक्त एकावर भागवू नकोस, चौदा पाठव. मी मोजून घेईन.