कॅल्डर्स गॅपमधली लाट

कॅल्डर्स गॅप, व्हर्जिनिया
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रिय डेंट,

इथे सगळं ठीक. थंडीने बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबा स्वतः कुरकुरत नाहीत. टर्की यंदा चांगल्या वजनदार झाल्यात. मागचं छप्पर मी एकटीने दुरुस्त केलं, तू विचारणार नाहीस म्हणून आधीच सांगून टाकते.

तुझा निरोप मिळाला. आईचा वाढदिवस येऊन गेला तेव्हा साधा फोन नाही, आणि निवडणूक हरल्याबरोबर हा एवढा लांबलचक निरोप! ‘आयव्ही, तिकडे नेमकं काय झालं? महागाई नडली की राष्ट्राध्यक्षांवरचा राग? सोमवारी पक्षाला अहवाल द्यायचाय.’ वॉशिंग्टनच्या प्रचार कार्यालयात एवढी हुशार माणसं बसवलीत आणि विचारताय कुणाला, तर टर्कीवालीला!

टीव्हीवाले बुधवारपासून नकाशापुढे हातवारे करतायत. म्हणे लाट आली, पुढच्या वर्षी काँग्रेसची दोन्ही सभागृहं आपल्या पक्षाच्या हातून जाणार. शितावरून भाताची परीक्षा करतात, कबूल. दोन मोठ्या निवडणुकांच्या मधल्या वर्षात येणाऱ्या या निवडणुकांचा तुम्हा मोठ्या लोकांना दुसरा उपयोग तरी काय! पण आपल्या खासदाराने मध्येच सोडलेली काँग्रेसची जागा ज्या लोकांनी समोरच्या पक्षाच्या लुएला विटिगला दिली, त्याच लोकांनी, त्याच मतपत्रिकेवर, राज्याच्या विधानसभेसाठी आपला माणूस निवडून दिला. तोही दणदणीत. एका ओळीवर येते आणि पुढच्या ओळीवर ओसरते, ही कसली रे लाट?

लाटबीट काही नाही. जाहिरात नडली.

कुठली ते तुला ठाऊक आहे. अँब्युलन्स केंद्राच्या दाराला कुलूप, बाहेर तळमळणारी म्हातारी, आणि तो घोगरा आवाज: ‘लुएला विटिगने केंद्र बंद पाडलं.’ कागदोपत्री अगदी खरं. काउंटीच्या मंडळावर सदस्य म्हणून तिने जुनं केंद्र बंद करायला हात वर केलाच होता. ओढ्याला पूर आला की गाडी आतच अडकायची, म्हणून. आधी टेकडीवर नवं केंद्र उभं राहिलं आणि मग जुन्याला कुलूप लागलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या बर्फात आईला हॉस्पिटलात नेलं ती गाडी कोण चालवत होतं, तेही माहीत आहे. लुएलाच होती. आई त्यानंतर दोन वर्षं आपल्यात राहिली. फोनवर तुलाही म्हणाली असेलच की, ‘पोरगी त्या पक्षाची, पण गाडी काय चालवते!’

जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा बाबा आणि मी जेवत होतो. “हे कुठल्या गाढवाचं काम?” बाबा म्हणाले. मग शेवटचं वाक्य आलं. ‘ज्याला किल्ली सांभाळता येत नाही, त्याच्या हाती घर देऊ नका.’

बाबांनी काटा खाली ठेवला. मी उगाचच बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. डेंट, हे वाक्य जगात दुसऱ्या कुणाचंही नाही. लहानपणी कोठाराची किल्ली तू ओढ्यात पाडलीस, त्या दिवसापासून बाबा तुला ते ऐकवत आलेत. बाबांनी नेहमीसारखी ताटं विसळली आणि झोपायला गेले.

मंगळवारी, मतदानाला, दिवसभर पाऊस. शाळेबाहेर, प्रचारबंदीच्या पांढऱ्या रेघेच्या पलीकडे, दरवर्षीप्रमाणे बाबांचा आणि ओटिस कॅम्पचा एकच तंबू. बाबा आपल्या पक्षाचे काउंटी अध्यक्ष, ओटिस समोरच्यांचा. तंबू बाबांचा आणि कॉफी ओटिसची, हे ठरलेलंच.

“गार्लंड, तुमच्या उमेदवाराचं थोबाड बघून माझी कॉफी नासली.”

“तुझी कॉफी नासायला उमेदवार कशाला लागतो?”

इथवर सगळं नेहमीचं. पण बाबा आपल्या नावांची नमुना मतपत्रिका एकेकाच्या हातात देत होते आणि प्रत्येकाला थांबवून सांगत होते, “मत आमच्याच माणसाला द्या. चांगला आहे तो. पण टीव्हीवर लुएलाबद्दल दाखवतात ते खोटं आहे. तेवढ्यासाठी देत असाल तर नको आम्हाला ते मत.”

शेवटी ओटिसलाच राहवेना. “अरे बाबा, हे बोलणं माझं काम आहे. तू कशाला बोलतोस?”

“तू बोललास तर विश्वास कोण ठेवणार?” बाबा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत उभे होते, दुखऱ्या गुडघ्यावर, भिजत. चर्चच्या बायकांनी हॅम घातलेला गरम पाव दिला, तोही तसाच हातात गार झाला. मी लांबून बघत होते आणि मला रडू येत होतं. आपल्या बापासारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, डेंट. जिंकायचं तर होतंच त्यांना. तुझ्याहून जास्त होतं.

बुधवारी बाबा प्रचाराचे फलक गोळा करायला गेले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे उपटायचे आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे, एकाच गाडीतून, ही आपली रीत तू विसरला नसशील. लुएला गाडी चालवत होती. म्हणाली, “काका, ही काउंटी मला तुमच्यामुळे मिळाली.”

“भलतंसलतं बोलू नकोस,” बाबा खेकसले. “मी तुझ्याविरुद्ध मत दिलंय.”

हसलास ना? आता पुढचं ऐक. काल पक्षाचे लोक घरी आले. कॉफी घेतली, बुटांचा चिखल बाकाला पुसला, आणि म्हणाले, जागा तुझ्यामुळे गेली, गार्लंड, राजीनामा दे. बाबा म्हणाले, देणार नाही, काढायचं तर सभेत हात वर करून काढा. तर सोमवारी संध्याकाळी सातला, टेकडीवरच्या त्याच नव्या केंद्रात, काढणार आहेत. आईच्या आजारपणातसुद्धा या माणसाने पक्षाची एक बैठक चुकवली नव्हती.

निघताना त्यातला एक म्हणाला, “तुझा डेंटन तिकडेच असतो ना, गार्लंड? त्याला माहीत असेल ही जाहिरात कुणी केली. नाव सांग. दोष त्याच्यावर टाकू आणि तुला ठेवू.”

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “डेंटनचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो त्यात असता, तर असलं काही होऊच दिलं नसतं.”

अख्ख्या निवडणुकीत बाबा एवढं एकच खोटं बोलले. तेही बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

दार लावल्यावर मी भडकले. म्हटलं, एक नाव सांगितलं असतंत तर सुटला असतात! तर म्हणाले, “किल्ली ओढ्यात पडली म्हणून पोराला कुणी घराबाहेर काढतं का?” आणि टर्कींना दाणा घालायला निघून गेले.

अहवालात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. स्थानिक अध्यक्षाने दगा दिला, असं लिहिलंस तर तिकडे सगळे माना डोलावतील. लाट आली म्हणालास तरी डोलावतील, लाटेत कुणाचीच चूक नसते. बाबा तुझं नाव घेणार नाहीत. मीही घेणार नाही, त्यांनी मला शपथ घातलीय. ते घेऊ शकेल असा आता एकच माणूस उरला आहे.

सोमवारी, सात वाजता. जाड कोट घाल, टेकडीवर वारा असतो. आम्ही सभेला गेलेले असलो तर मागच्या दाराची किल्ली त्याच खिळ्यावर आहे.

वाट बघणारी,
आयव्ही