चिमणीचे पाच सूर

३ मार्च

बाळला पारितोषिक मिळालं. चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी. आम्ही दोघं टीव्हीसमोर. स्टेजवर गेला, माईक जरा खाली ओढला आणि म्हणाला, "हे पाच सूर माझ्या आईचे. लहानपणी पियानोवर हेच वाजवून ती मला झोपवायची. माझं सगळं संगीत तिथून आलंय." टाळ्या. ह्यांचे डोळे भरून आले, माझा हात घट्ट धरला.

मी हात सोडवून घेतला. पाणी प्यायचं निमित्त. स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी राहिले.

ते सूर माझे नाहीत.

४ मार्च

दिवसभर फोन. "माउलीचे आशीर्वाद हो!" — शेजारीण. मी धन्यवाद म्हणाले. सतरा वेळा तरी म्हणाले असेन.

७ मार्च

संगीतशाळेच्या प्राचार्यबाईंनी बोलावून घेतलं. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, आता माझी वरिष्ठ. वार्षिक समारंभात मी बोलायचं. विषय — बाळने रूढ केलेलं कमी सुरांचं पियानोसंगीत आणि त्याचा प्रभाव. "मॅडम, तुमच्याइतका अधिकार कुणाचा?"

प्रभाव तर आहेच. चारपाच सूर घ्यायचे, तेच तेच वाजवत राहायचे, आणि ऐकणाऱ्याच्या नकळत एखादा बदलायचा. दाताच्या डॉक्टरकडे तेच. बँकेला फोन लावून थांबलं की तेच. विम्याच्या जाहिरातीत, पाळण्यावरच्या खेळण्यात तेच. नव्या मुली पहिल्या दिवशी विचारतात, "बाळदादांचं कधी शिकवणार?"

हो म्हणून आले. लाज नावाची चीज नाही मला.

११ मार्च

भाषणाला बसले. एक ओळ सुचली नाही. मग इथेच लिहिते. इथे तरी खरं.

एकतीस वर्षं झाली. वार्षिक परीक्षा, छोटं सभागृह. परीक्षक आम्ही तिघं — मधे मोठे सर, उजवीकडे मी. मी नवी, नोकरी अजून कायम व्हायची होती, बाळ दोन वर्षांचा. एक विद्यार्थिनी होती, आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणी म्हणायचे. स्वतःची रचना वाजवायला बसली. पाच सूर. तेच पुन्हा. पुन्हा. मग एक सूर सरकला — आणि माझ्या अंगावर काटा आला. आजही आठवला की येतो.

मोठे सर खुर्चीत चुळबुळले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे काय चाललंय?"

आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगं, सुई अडकली का तुझी?"

सर हसले. मग सगळं सभागृह हसलं. ती मधेच थांबली. पियानोचं झाकण लावलं. अगदी अलगद, आवाज न करता. पुन्हा शाळेत आली नाही.

जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली.

१२ मार्च

कालचं अर्धवट राहिलं. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी ते सूर वाजवले. बाळ रडत होता, तो गप्प झाला. मग रोज वाजवले. आवडलं नव्हतं म्हणून हसले असते तर एकवेळ चाललं असतं. आवडलं होतं. चारचौघांत हसायचं आणि घरी आणून वापरायचं — ह्याला काय म्हणतात, ते लिहायलाही हात धजत नाही.

२० मार्च

जुन्या विद्यार्थिनींना विचारून विचारून चिमणीचा पत्ता काढला. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते.

२३ मार्च

गेले. बोलेन असं ठरवून गेले होते. अंधाऱ्या खोलीत खुर्ची, समोर अक्षरांची पाटी. ती शेजारी बसून भिंगं बदलत होती. केस पांढरे झालेत. आवाज तोच.

"हे स्पष्ट, की आधीचं?"

"आधीचं."

"आता?"

"सारखंच वाटतंय."

"घाई नको. पुन्हा बघा."

अर्धा तास तिने मायेने माझे डोळे तपासले. शेवटी कागदावर नंबर लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाली, "अजून शिकवता का मॅडम?"

ओळखलं होतं. दारातून आत आले तेव्हाच ओळखलं असणार.

"हो," म्हणाले. कागद घेतला आणि बाहेर पडले. एवढंच. साठी उलटली तरी तीच भित्री बाई.

२४ मार्च

ह्यांना सांगितलं. सगळं. ह्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? पोराला सांग."

३० मार्च

बाळ आला. सांगितलं. सुरुवातीला हसला, चेष्टा वाटली त्याला. मग चेहरा उतरत गेला.

"मी जगासमोर तुझं नाव घेतलं, आई."

"हो."

"आणि तू टीव्हीसमोर बसून ऐकत होतीस."

"हो."

"ती बाई हयात आहे?"

दुकानाचं सांगितलं. "भेटलीस?" "भेटले. बोलता आलं नाही." त्याने असं बघितलं, जसं रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघतात. चपला घालून निघाला. वाढलेलं ताट तसंच.

२ एप्रिल

प्राचार्यबाईंना भाषणाला नाही सांगितलं. "तब्येत?" म्हणाली. "नाही," म्हणाले, "परीक्षेत मी एका मुलीचे सूर चोरले होते." ती खुर्चीतून उठली आणि आधी दार लावून घेतलं.

९ एप्रिल

वर्तमानपत्रात बाळचं निवेदन. सूर कुणाचे, ते स्पष्ट लिहिलंय. हसण्याचं लिहिलेलं नाही. मला वाचवलं त्याने. ते जास्त लागलं. शेजारीण जिन्यात भेटली, नजर चुकवून गेली.

२६ एप्रिल

बाळचा फोन नाही.

१७ मे

ह्यांच्याकडून कळतं — बाळ दर शनिवारी दुकान बंद झालं की तिच्याकडे जातो. तिच्या घरी जुना पियानो आहे. ती इतकी वर्षं वाजवत होती. एकटीच. त्या दिवशी आम्ही ऐकली ती नुसती सुरुवात होती; रचना पाऊण तासाची आहे. ह्यांना बाळ म्हणाला, "बाबा, मी आजवर केलं ते सगळं पहिल्या पानावरचं आहे."

१९ जून

बाळचा फोन. अडीच महिन्यांनी. आवाज कोरडा. चिमणीने रचना लोकांपुढे आणायला हो म्हटलंय. त्याच छोट्या सभागृहात. अट एकच — तिथे ती मी वाजवायची. पूर्ण. कुणी हसलं तरी थांबायचं नाही.

हो म्हणाले.