डिकीवरचं अस्वल

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांनी तुझं पत्र आलं. पाकीट उघडायच्या आधीच कळलं, कारण इतकं तिरकं अक्षर आपल्या घरात दुसऱ्या कुणाचं नाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे कुरकुर करतात, पण ती त्यांचं ऐकून घेत नाही. मला जवळचा चष्मा लागलाय. हसू नकोस, तुलाही लागेल.

तू दोनच गोष्टी लिहिल्या आहेस. गाडी विकून टाका, सोबत सही केलेले कागद आणि चावी. आणि खाली तोच प्रश्न, जो तू तेव्हा भेटेल त्याला विचारत फिरत होतास. बाबा त्या दिवशी गाडीच्या मागे कशाला बसले होते? ‘एवढं कुणी सांगितलं तर मला झोप लागेल,’ असं लिहिलं आहेस. मी तुला उत्तर देणार आहे, ठोंब्या. फक्त जरा दम धर. माझी सवय तुला ठाऊक आहे, मुद्द्याचं मी शेवटी बोलते.

माझं स्टिकरचं काम चालू आहे. तीच खोली, तीच खिडकी, भिंतीला उभी केलेली व्हिनाइलच्या चिकट कागदाची भेंडोळी. जुना कटर केकाटायचा तो गेला, नवीन गुपचूप कापतो. इतका गुपचूप की मध्येच बंद पडला तरी कळत नाही. गेल्या आठवड्यात एक बाई भांडायला आल्या. ‘बाळ गाडीत आहे’ असं त्यांना करून दिलं होतं. त्यांनी ते काचेला आतून लावलं, आणि मागच्या गाड्यांना उलटी अक्षरं दिसायला लागली. आतून लावायचं तर उलटं कापावं लागतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दुसरं करून दिलं. जाताना म्हणाल्या, “बाळ आता शाळेत जायला लागलंय, पण असू दे.”

कापून झालं की मधला नको असलेला भाग चिमट्याने उचलायचं काम आता मीच करते. ते बाबांचं काम होतं. नोकरी संपल्यावर चार दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या आणि पाचव्या दिवशी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत. अक्षरांच्या पोटातले बारीक तुकडे काढायचे आणि विसरून स्वतःच्या बाहीला चिकटवायचे. आई म्हणायची, “जेवायला बसताना तरी वर्णमाला काढून ठेवा.” फक्त एक खोड गेली नाही. चिकट बाजूला बोट लावायचेच. मी किती ओरडायचे, “बाबा, ठसा राहतो, मग तो जन्मात जात नाही!” ते म्हणायचे, “राहू दे की. कारागिराची सही आहे ती.”

चहा टाकून आले. आता लिहिते.

गाडी बघायला बुधवारी एकजण आला होता. अंगणातल्या गाडीवरची ताडपत्री तीन वर्षांत पहिल्यांदा काढली. आईसुद्धा बाहेर आली. ती त्या गाडीकडे बघत नाही, हे तुला माहीत आहे, पण का कोण जाणे, आली. माणूस सराईत होता. टायर दाबले, इंजिनाचा वास घेतला, मग मागे गेला आणि डिकीच्या दारापाशी वाकला. म्हणाला, “इथे काही चिकटवलेलं होतं का? कुणीतरी ओढून काढलंय. रंग सोलून आलाय बघा.”

आई म्हणाली, “आमच्या गाडीवर कधीच काही नव्हतं. मुलाने लावूच दिलं नाही.”

आणि मग ती जवळ जाऊन वाकली. सोललेल्या रंगाचा आकार तिने ओळखला. दोन गोल कान, मोठं पोट, आखूड पाय. तो आकार बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला पंचवीस वेळा काढला होता, तिच्याच स्वयंपाकघरात बसून.

ठोंब्या, तू म्हणाला होतास, “दुसऱ्यांच्या गाड्यांवर काय चिकटवायचं ते चिकटव. माझ्या गाडीला हात लावलास तर बघ.” स्वतःच्या कष्टाने घेतलेली, जुनी असली तरी घरातली पहिली गाडी. तुझं बरोबर होतं. पण मी तुझी मोठी बहीण, तू नाही म्हटल्यावर मला चेवच आला. बाबांना सामील करून घेतलं. त्यांनी जांभई देणारं अस्वल काढलं, मी ते कापलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘ठोंब्या निघाला’. दोन दिवस आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखं खुसुखुसू हसत होतो. आई विचारायची, “काय शिजतंय?” आम्ही काही सांगायचो नाही.

त्या दुपारी तू रात्रपाळीहून येऊन झोपला होतास. आम्ही डिकीचं दार धुतलं, साबणाचं पाणी मारलं, अस्वल बसवलं, पट्टीने पाणी काढलं. सगळं छान बसलं, फक्त पंजाचा कोपरा उठत होता. तिथे दार खाली वळतं ना, त्या वळणावर. अशा जागी गरम हवा द्यावी लागते. मी बाबांना म्हटलं, “तुम्ही इथे खाली बसा आणि कोपरा धरून ठेवा. मी येईपर्यंत सोडू नका. मी ड्रायर आणते.”

मीच बसवलं त्यांना तिथे.

ड्रायर आईच्या कपाटात होता. तो घेतला आणि फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, मागच्या काचेचं माप सांगत होतं. मी कागद शोधला, पेन शोधलं, माप लिहून घेतलं. चार मिनिटं असतील, पाच असतील. तुला कामावरून बोलावणं आलंय, तू उठून बूट घालतोयस, हे मला आतून ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, आता जाऊन बघेल आणि बोंबलेल. मला हसू आलं, ठोंब्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी हसत होते.

बाबांनी इंजिनाचा आवाज ऐकला नसेल का? ऐकला असेल. पण मी सांगितलं होतं, सोडू नका. ते माझं कामात फार ऐकायचे.

पुढचं तुला माहीत आहे. एक सोडून. तू, आई आणि शेजारचे काका बाबांना काकांच्या गाडीतून घेऊन गेलात आणि घराला कुलूप लावायला मी मागे राहिले. त्या धावपळीत डिकीच्या दाराकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मी कुलूप लावलं नाही. मी ते अस्वल ओढून काढलं. त्या दाराला आधीच्या मालकाने स्वस्तातला रंग मारला होता, तो स्टिकरसोबत सोलून आला. मग वर ताडपत्री टाकली. पुढे चौकशीला आलेल्यांनी ती उचलून पाहिलं, पण जुन्या गाडीचा उडालेला रंग कोण विचारतो? मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाबा गेले होते. “तुला इतका वेळ का लागला?” असं तू विचारलंस, आठवतं? मी म्हटलं, “कुलूप लागत नव्हतं.” बाबांची शेवटची वीस मिनिटं मी एक स्टिकर लपवण्यात घालवली.

तिथेच आई तुला म्हणाली, “माझ्यासमोर येऊ नकोस.” मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं बदललं असतं. उघडलं नाही. मग तू विचारत राहिलास, सगळ्यांना, मलाही दोनदा, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, “काय माहीत रे.” तू बॅग भरलीस तेव्हा मी तुला डबा बांधून दिला. डबा! आजही ते आठवलं की माझी मला किळस येते.

गाडी मागे घेताना तू पाहिलं नाहीस, हे खरं. पण तिथे कुणी बसलं असेल असं तुझ्या मनात यायचं काही कारण नव्हतं. ते कारण मी होते. तू तीन वर्षं जे उचलून चालतोयस त्यातला मोठा भाग माझा आहे. तो मला परत दे.

बुधवारी तो माणूस गेल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ताडपत्री स्वतःच्या हाताने नीट टाकली आणि आत गेली. आज पाचवा दिवस, ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढून ठेवते आणि उठून जाते. तुझी शिक्षा तिने उचलून माझ्या ताटात वाढली आहे. बरोबरच आहे, मी तक्रार करत नाही.

फक्त आज सकाळी, मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा, दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याला विचार, जेवतो का वेळेवर. आणि म्हणावं, मी दार लावून घेतलेलं नाही.” तिचे शब्द तसेच्या तसे लिहिलेत.

गाडी विकलेली नाही. ती तुझी आहे, चावी परत पाठवतेय. तू येऊन काय ते ठरव. माझं तोंड बघायचं नसेल तर आदल्या दिवशी कळव, मी दोन दिवस मैत्रिणीकडे राहीन.

सोबत कागदावर एक काळा तुकडा आहे. अस्वलाचा पंजा. बाकीच्या अस्वलाला मागून गाडीचा रंग लागलाय, पण हा कोपरा दाराला चिकटलाच नव्हता, म्हणून स्वच्छ राहिला. खिडकीपाशी जा, कागद हळूच सोडव आणि चिकट बाजू उजेडात धर. बाबांचा अंगठा आहे. त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता.

तिथे बोट लावू नकोस.

बाबांना तिथे बसवून गेलेली,
तुझी ताई