बॉनेटवरची घोंगडी

६ जानेवारी, सोमवार

नाही म्हणजे नाहीच! पहाटे सव्वापाचला किल्ली फिरवली, सेल्फ धाडधाड फिरला, ढीगभर पांढरा धूर — आणि जीप गप्प. दहा वेळा तेच. शेवटी हिंजवडीच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या, आत बसलेल्या सहाही जणींनी खाली उतरून, पदर खोचून, वेशीच्या उतारावरून ढकलली. हिंजवडीला पोचायला अर्धा तास उशीर. सगुणाबाईला तिच्या सुपरवायझरनं गेटवरच झापलं. तरी तिनं भाडं पुरतं मोजून दिलं, ते जास्त लागलं.

मामंजी ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "मेंढरू कंदी थंडीनं बंद पडलंय का?"

घ्या! मामंजींचा कळप विकून ह्यांनी जीप घेतली त्याला तीन वर्षं झाली. हे कंटेनरवर ड्रायव्हर म्हणून गेले आणि जीप माझ्या हातात आली. मामंजींनी तिला अजून बोट लावलेलं नाही.

७ जानेवारी

आजही ढकलून. दुपारी मात्र एका किल्लीत चालू होते, लबाड! पहाटे मोबाईल आठ अंश दाखवत होता. खरं तर डिसेंबरपासून मी रोज रात्री बॉनेटवर जुनी घोंगडी टाकते — इंजिन उबेला राहावं म्हणून. माझीच युक्ती. सगळ्या आळीला सांगून झालीये.

८ जानेवारी

पौड रस्त्यावरचा शैलेश मिस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाला, "वहिनी, बॅटरी गेली."

म्हटलं, बॅटरी गेली असती तर सेल्फ असा फिरला असता का? तर हसला. "दत्ताला पाठवा, त्याला समजावून सांगतो."

अंगाची नुसती लाही झाली. ह्यांना पाठवा म्हणे! त्या जीपचं ऑइल तीन वर्षं कोण बदलतंय? फिल्टर कोण बदलतंय? ह्यांना तर डिपस्टिक कुठंय तेही आठवायचं नाही आता.

घरी आले तर पुढचं ऐकायला मिळालं. महाळुंग्याचं गिऱ्हाईक रविवारी जीप बघायला येतंय. मामंजींनी ठरवूनच टाकलंय. ह्यांना फोन केला, तर "आबा म्हणतील तसं". म्हणजे सोमवारपासून मी पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन. स्टेअरिंग धरलेल्या हाताला ते आता जमायचं नाही. नाही देणार मी जीप.

९ जानेवारी

दुपारी घरच्या दोन बकऱ्या सासूबाईंवर सोपवून बॉनेट उघडलं. डिझेलची गाडी — थंडीत आधी तिचे हीटर तापवावे लागतात, मग ती पेटते. दुपारी चालते, पहाटे नाही; म्हणजे दुखणं हीटरचंच असणार, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. चाचपत चाचपत हात आत घातला.

हीटरला जाणारी वायर कुरतडलेली! आणि शेजारीच नारळाएवढं उंदराचं घरटं. काळ्या लोकरीचं. माझ्या घोंगडीचा एक कोपरा गायब होता, तो सगळा तिथं होता.

मी इंजिनाला नाही, उंदरांना ऊब दिली महिनाभर! शहाणी!

घरटं उकिरड्यावर फेकलं. घोंगडी माळ्यावर. कोणाला काही बोलले नाही. बोलणारही नाही.

१० जानेवारी

काल रात्री कुरतडलेल्या वायरीच्या जागी घरातली बल्बची वायर जोडली होती. किल्ली दिली आणि वितळली. जळका वास, पुन्हा ढकलगाडी. सगुणाबाई म्हणाली, "नंदे, आमी ढकलतो गं, तू जीव नको लावूस इतका."

न लावून कसं चालेल? हीटरला करंट जास्त लागतो, पातळ वायर टिकणारच नाही — हे आधीच सुचायला हवं होतं. संध्याकाळी विहिरीच्या जुन्या मोटरची जाड केबल कापली. टोकं घासून चकचकीत केली, नटाखाली घट्ट आवळली. तीन बोटं सोलली गेली. आता पहाटेच काय ते.

११ जानेवारी, शनिवार

एका किल्लीत!!

सात अंशाला! किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत दम धरला, मग पूर्ण फिरवली — घर्रर्र! आतमध्ये सहाजणींनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं, कोणाला दिसू दिलं नाही. हिंजवडीला दहा मिनिटं आधीच पोचलो!

मामंजी फक्त म्हणाले, "आवाज बरा हाय." पण संध्याकाळी पारावर बसून सगळ्यांना सांगत होते म्हणे, "माजी सून मिस्तरी हाय. शैलेशला म्हनावं, शिकायला ये." गिऱ्हाईकालाही येऊ नको म्हणून कळवलं.

छाती इतकी फुलली की जेवणच गेलं नाही. मधूनच घोंगडी आठवते. आठवू दे.

१२ जानेवारी

शैलेश स्वतः जोड बघायला आला. "चांगला केलाय, वहिनी. पण ह्या जुन्या वायरीवर दात दिसतात. उंदीर शिरला कसा एवढा आत?" म्हटलं, उंदरालाच विचारा! मामंजी शेजारीच तंबाखू मळत होते.

१३ जानेवारी, सोमवार

पहाटे पाचला अंगणात आले तर बॉनेटवर घोंगडी. माझी नाही, मामंजींची — रोज अंगावर घेतात ती. आणि मामंजी चाकाला टेकून बसलेले, हातात काठी.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, त्या घोंगडीनंच तर..."

"ठावं हाय. उकिरड्यावरची लोकर बघितली मी. माज्याच मेंढरांची, वळकत न्हाई व्हय मला?"

म्हणजे शनिवारी पारावर माझं कौतुक केलं, तेव्हाही ठाऊक होतं!

"मग परत कशाला घातली?"

"थंडी लई हुती रातीला. उंदीर यील म्हनून हितंच बसलो. चाळीस वरसं मेंढरं राखली. एक गाडी राखाया काय हुतंय?"

मामंजींनी घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि ते झोपायला गेले.