हेमांगीनं मारली का?

प्रिय शाम,

तू आईसाठी पाठवलेला टीव्ही पोचला. टेंपोतून खोका अंगणात उतरला तेव्हा अख्खा पाडा गोळा झाला होता. त्रेचाळीस इंची, भिंतीवर लावायचा, वर अ‍ॅपचं वर्षभराचं पॅक भरलेलं. सगळं तू मेसेजमध्ये लिहिलं होतंसच. भिमीनं तर खोक्यावरच्या चित्राला हात लावून बघितलं. मी तुला ‘पोचला’ एवढंच कळवलं. मग तू विचारलंस, आई खूश का? मी लिहिलं, आता तिची कसलीच तक्रार नाही. त्यावर तू जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे वाक्य मी सुरू करायचं आणि तू संपवायचं, म्हणून हे कागदावर लिहितेय. तुझ्या बायकोला, कुणालीला, चहा टाकायला सांग आणि एका बैठकीत वाचून काढ. सगळे भाग एका बैठकीत बघायची तुला सवय आहेच.

गेल्या महिन्यात तुझं स्टेटस बघितलं होतं मी. तुझी ती कुठलीशी वेबसिरीज, दोन सीझन झाले आणि कंपनीनं बंद करून टाकली, तिसरा येणारच नाही म्हणे. तू लिहिलं होतंस, ‘अर्धवट सोडून देतात, माणसाच्या भावनांशी खेळतात.’ खाली रडके चेहरे. मला इतकं हसू आलं की अंगणवाडीतली पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. घरी येऊन मी ते आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘बिचारा. त्याला आता कोन सांगल पुढं काय झाला ता?’ तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं की खरंच वाईट वाटून, ते मला अजून कळलेलं नाही. तुला सोयीचं असेल ते धर.

तुला आठवतं का रे, बा टोकावड्याच्या नाक्यावर जाताना रिमोट कनवटीला खोचून न्यायचा? आईनं त्याच्यामागं टीव्ही लावू नये म्हणून. तुला त्याची भारी गंमत वाटायची. आई केसातला आकडा काढायची आणि टीव्हीच्या कडेचं आत गेलेलं बटण त्यानं दाबायची. अर्धा तास मालिका बघायची, बाची चाहूल लागली की बंद करून चुलीपाशी. एकदा तूच बाला ही आकड्याची युक्ती सांगितलीस, शहाणपणा करून. तिच्या पाठीवर उठलेल्या वळांना हळद मी लावली. तू तोवर क्रिकेट बघत बसला होतास, कारण तुला बक्षीस म्हणून रिमोट मिळाला होता.

मालिका तुझ्या लक्षात नसणार. बायकांचं रडगाणं म्हणायचास तू. त्यातली हेमांगी म्हणजे आईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अंगभर दागिने, घरात झुंबर. पण नवरा आपल्या बासारखाच. फक्त हा कोट घालायचा. हेमांगी चार वर्षं ऐकून घेत होती आणि आई चार वर्षं वाट बघत होती. मला म्हणायची, ‘एक दिवस ही बाय त्याच्या कानाखाली काढनार, तू बघ. मना तेवढाच बघायचाय, मग बंद झाली तरी चालल.’ देवाकडं तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. हेमांगीनं एक थप्पड मारावी, एवढंच तिला हवं होतं.

मग लोक एकेक करून मोबाइलकडं वळले. आपल्याच पाड्यावर बघ ना, संध्याकाळी आपल्या ओट्यावर मालिकेला बसणाऱ्या बाया आपापल्या घरात रील बघायला लागल्या. मालिका साडेसातची सहावर गेली, सहाची दुपारी दोनवर, आणि एक दिवस सांगून टाकलं की बंद होतेय, शेवटचे भाग फक्त अ‍ॅपवर. आईनं मला विचारलं, अ‍ॅपवर म्हंजी कुठं? त्याच आठवड्यात बा गेला. मेल्यावरही त्यानं तिची मालिका बंद पाडली, असं माझ्या मनात आलं. तेव्हा तोंडातून काढलं नाही, आता लिहून टाकते.

सुतकात टीव्ही लावत नाहीत, म्हणून मी त्यावर चादर टाकली. आई भिंतीला टेकून बसायची आणि त्या चादरीकडं बघायची. भेटायला येणाऱ्या बायांना वाटायचं, नवऱ्याच्या दुःखानं सुन्न झालीय. दहाव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा भाग आला, आणि माझा मोबाइल मीच तिच्या हातात दिला. घरात रेंज नाही, म्हणून ती गोठ्यामागं जाऊन बसली, एका कानात वायर, डोक्यावर पदर. तिथं तू गेलास, पितळेची घागर कुठं ठेवलीय ते विचारायला.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला ते लिहायचंय. तू तिच्या कानातली वायर ओढलीस. आवाज मोठा झाला, आणि तसाच तो ढँगढँग संगीत वाजवणारा मोबाइल घेऊन तू तिला दंडाला धरून मांडवात आणलंस. भाऊबंदांसमोर ओरडलास, ‘बघा, बाची राख गरम हाय आन हिला सिरियल पायजे.’ आपला मंगळूकाका मांडवाच्या कोपऱ्यात मोबाइलवर मॅचचा स्कोअर बघत होता. त्यानं मोबाइल खिशात टाकला, बाजूला पिंक टाकली आणि म्हणाला, काय जमाना आला. मी पुढं होऊन सांगितलं, मोबाइल मी दिला. तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. पाट्यावर आपटून मोबाइल फोडलास आणि आईला म्हणालास, सगळ्यांच्या पाया पड. ती पडली रे. जावांच्या पडली, सुनांच्या पडली, जिची नाळ तिनं स्वतःच्या हातानं कापली त्या भिमीच्या पडली, आणि भिमीनं पाय मागं घेतले नाहीत. दहावा उरकताच टीव्ही आणि डिशची छत्री उतरवून तू ढाब्यावर देऊन टाकलीस आणि वाशिंदला निघून गेलास. जाताना म्हणालास, या घरात परत टीव्ही आला तर मी येणार नाही. तेवढा एक शब्द मात्र तू पाळलास.

त्या दिवसापासून लहानी हे तिचं नाव पाड्यानं टाकून दिलं. सिरियलवाली! हातपंपावर सकुबाई विचारायची, काय गो सिरियलवाले, आज काय झाला? बारकी पोरं तिला बघून कानात काडी घालून दाखवायची. हळदीला बोलावणं नाही, बारशाला नाही. आई घागर भरायची आणि घरी यायची. संध्याकाळ झाली की टीव्हीच्या रिकाम्या फळीसमोर जरा वेळ बसायची, सवयीनं. मला ते बघवत नसे, मी तिच्यावर खेकसायचे. तुझा फोन यायचा नाही. तिचाही जायचा नाही.

तिनं नेमकं काय बघितलं होतं, सांगू? नवरा हेमांगीला काहीतरी घाणेरडं बोलला आणि हेमांगीनं हात उचलला. हात वर गेला, तेवढ्यात तू वायर ओढलीस. त्यामुळं हात खाली कुठं आला ते तिला कळलंच नाही. मी नवा मोबाइल घेतला तोवर अ‍ॅपनं मालिकाच काढून टाकली होती, जुने भागसुद्धा ठेवले नाहीत. मुरबाडच्या बाजारात मी दिसेल त्या बाईला विचारलं. कुणीच शेवट बघितला नव्हता. बघणारं कुणी असतं तर बंद कशाला केली असती? शेवटी मोबाइलच्या दुकानातली हेतल भेटली, तिनं बघितला होता. ती म्हणाली, हेमांगीचा हात वरच्या वर थांबला, मग तिनं तो खाली घेतला, नवऱ्याच्या पायांना लावला आणि त्याच्यासाठी चहा करायला आत गेली. तो रडला, संपलं. तुला आवडेल असा शेवट आहे, म्हणून खरा तुला सांगतेय. आईला मी सांगितला नाही.

तुझ्या त्या स्टेटसनंतर आठवड्यातच तिला कावीळ झाली. मुरबाडला नेलं, तिथून घरी न्यायला सांगितलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी ठरत नव्हतं, आणि मध्येच शुद्धीवर आली की एकच, ‘हेमांगीनं मारली का गो?’ मी म्हटलं, मारली. अशी सणसणीत मारली की तो झुंबराखाली आडवा झाला. आईनं विचारलं, ‘आवाज आला का?’ मी म्हटलं, रस्त्यापर्यंत आला. तेव्हा ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मग म्हणाली, ‘शामला सांगू नको. मना बघू दिला नाय त्यानं. त्यालाबी माझा तोंड बघू देऊ नको.’ ती तापात होती, असं तू स्वतःला समजावशील, म्हणून सांगते, तेव्हा ताप नव्हता. तुझा नंबर पाड्यावर माझ्याखेरीज फक्त मंगळूकाकाकडं. तिनं त्याला बोलावलं आणि त्याच्या पोराच्या, भगीरथच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. त्यानं घेतली. तुला कळवायला तसंही कुणी तळमळत नव्हतं.

शाम, आई गेली. आज सकाळी तिचा दहावा झाला. तुझा टीव्ही आला तो चौथ्या दिवशी, दारात तिची राख घेऊन नदीवर जायला माणसं उभी होती आणि टेंपोवाला विचारत होता, सही कोण करणार? मी केली. ‘आई खूश का’ हा तुझा मेसेज आला तेव्हा मी अंघोळ करून ओल्यानंच बसले होते. अग्नी मी दिला. मंगळूकाका कुरकुरला, बाईमाणसानं कसं काय, मग माझं तोंड बघून बाजूला झाला. तुला डोकं भादरायचं असेल तर वाशिंदलाच भादर, इथलं सगळं उरकलंय. टीव्ही संदेशच्या टेंपोतून परत पाठवतेय, खोका उघडलेला नाही, ही चिठ्ठी त्यालाच चिकटवतेय. पाड्यावर आलास तर तुला कुणी हाकलणार नाही, चहासुद्धा मिळेल. पण बघण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. आज नदीवर पिंड ठेवला तेव्हा मंगळूकाका म्हणाला, शामचं नाव घे, शामला आणू असं बोल, पोरात जीव अडकला आसल तिचा, कावळा शिवायचा नाय. मी तोंड उघडायच्या आत कावळा शिवला.

तुझीच ताई,
रंजिता