चुन्याच्या पाण्यातलं पाचट

कडेगाव, ६ जानेवारी २०२५

ती. हंबीरदादांस धाकट्या बहिणीचा शि. सा. न.

फोनवर नको, स्पर्धेच्या फाईलला कागद लागतो म्हणालात, म्हणून लिहिते. तुम्ही सांगितलं तसं उसाचं पाचट बारीक तोडलं, चुन्याच्या पाण्यात भिजवलं, रोज हातानं उलटलं. आता ते तुमच्या स्वभावापेक्षा मऊ झालंय. धुऊन, शेणात कालवून गोबरगॅसच्या टाकीत घातलं की गॅस लय जोरात येतो.

फक्त हातांना भेगा पडल्यात, मूठ मिटत नाही. हॉस्टेलच्या भाकरी थापूनच मी पोट भरते, हे तुम्हाला ठाऊकच. शेजारच्या राहीबाई म्हणाल्या, घरात लांब दांड्याचं दाताळं असताना हात कशाला घालतेस. घेऊ का दाताळं? नाहीतर रबरी हातमोजे तरी पाठवा.

वहिनींना नमस्कार. आठवण असू द्यावी.

तुमची शालू

विश्रामबाग, सांगली, ११ जानेवारी

चि. शालूस अ. उ. आ.

'लय जोरात' म्हणजे किती? शेगडी किती वेळ चालली ते लिही. दाताळे अजिबात नको, गुठळ्या राहतात. पाचट नीट भिजले की नाही हे बोटांनाच कळते, म्हणून हातमोजेही नकोत. ही पद्धत मी कोणाच्या शाळेत न जाता बसवली आहे; राहीबाईंनी आपली चूल फुंकावी. आईने जन्मभर चुन्याने भिंती पोतारल्या, कधी कुरकुरली नाही. तू पहिल्यापासून नाजूक. खोबरेल लाव.

महिनाअखेर स्पर्धेचे परीक्षक तुझ्याकडे टाकी बघायला येतील. निवड झाली तर पद्धतीला माझे नाव लागेल. काम थांबवू नकोस. माया आहेच.

तुझा दादा

कडेगाव, १८ जानेवारी

ती. दादांस शि. सा. न.

शेगडी सकाळचा सगळा स्वयंपाक होऊन उरते. खोबरेल लावलं, पण चुना त्याला जुमानत न्हाई. उजव्या हाताची साल निघाली, बोटांना कढत-गार कळेना. भाकरीवर रक्ताचा डाग दिसला म्हणून हॉस्टेलवाल्यांनी माझं भाकरीचं काम बंद केलं. दादा, आता मी काय करू?

उत्तराची वाट बघते.

शालू

विश्रामबाग, २३ जानेवारी

चि. शालूस अ. उ. आ.

भाकरीचे काम सुटले ते एका परीने बरेच. पाचटाकडे लक्ष राहील. हातमोज्यांची जोडी पाठवत आहे. ती फक्त परीक्षक येतील त्या दिवशी घाल. ते फोटो काढतात, तसले हात फोटोत शोभत नाहीत. जोडी इथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उसनी आणली आहे; धुऊन, वाळवून परत पाठव.

त्यांच्यापुढे हाताचे रडगाणे काढलेस, तर भाऊबीजेला माझ्या दारी येऊ नकोस. प्रकृतीस जप.

तुझा दादा

कडेगाव, १ फेब्रुवारी

ती. दादांस शि. सा. न.

अक्षर राहीबाईंच्या नातीचं, साक्षीचं आहे. मी सांगते, ती लिहिते.

परीक्षक आले. निळी ज्योत बघून खूश झाले. पद्धतीला तुमचंच नाव लागणार, पेढे वाटा. कामाचा काही त्रास होतो का, असं त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं. मी न्हाई म्हटलं. माहेर एकच हाय. फोटो झाले, मोज्यांनिशीच मी सगळ्यांना चहा दिला.

माणसं गेल्यावर मोजे काढायला बसले. डावा निघाला. उजवा आत चिकटला होता. दवाखान्यात कात्रीनं कापला, त्याच्याबरोबर कातडंही आलं. दोन बोटं राहतील का, ते डॉक्टर सोमवारी सांगणार.

डावा धुऊन, वाळवून सोबत पाठवलाय. पोचल्याचं कळवा. उजव्याची वाट बघू नका.

शालू